शालेय पोषण आहार : राशीपलीकडचा विचार

वार्षिक परीक्षांचे वेळापत्रक शाळेच्या फलकावर लागले, की आपल्या चिकित्सालयांत आणि औषधालयांत एक विशिष्ट मागणी वाढू लागते, हे व्यवसायबंधूंना सांगावयास नको. ब्राह्मी, शंखपुष्पी, ज्योतिष्मती यांच्या बाटल्या दर्शनी फळीवर येतात. मुलगा वाचलेले विसरतो, मुलीचे वर्गात लक्ष लागत नाही, अशी तक्रार घेऊन पालक येतात आणि बहुधा एखादी बाटली घेऊन परततात. मेध्य द्रव्यांच्या सामर्थ्याविषयी आमच्या मनात संदेह नाही. परंतु अशा बालकाचा इतिहास घेताना जो प्रश्न सर्वांत आधी यावयास हवा, तो क्वचितच विचारला जातो. सकाळी शाळेत जाण्यापूर्वी याने काय खाल्ले? ज्याच्या कोष्ठात अन्नच नाही, त्याच्या मेधेला रसायन काय करणार? रसधातूच जेथे दुबळा, तेथे पुढील धातूंची आणि मनाची प्रसन्नता कोठून यावी?

या प्रश्नाचे एक उत्तर गेली दोन दशकांहून अधिक काळ आपल्या गावोगावच्या शाळांच्या ओसरीवर शिजत आहे. शासकीय भाषेत त्यास 'शालेय पोषण आहार' म्हणतात, मुलांच्या भाषेत 'खिचडी'. कौमारभृत्य हे ज्या शास्त्राचे स्वतंत्र अंग आहे, त्या शास्त्राच्या अनुयायांनी या खिचडीकडे फारसे लक्ष दिलेले नाही. आमच्या मते हा विषय शिक्षकांचा किंवा पुरवठा अधिकाऱ्यांचा जितका, तितकाच वैद्यांचाही आहे.

अन्नावाचून विद्या नाही, ही गोष्ट महाराष्ट्रास नवी नाही. माधुकरी मागून आणि वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पिढ्याच्या पिढ्या आपल्याकडे होऊन गेल्या. त्या व्यवस्थेत ज्या जातींच्या मुलांना कोणाच्या दारी वार मिळणे शक्य नव्हते, त्यांच्यासाठी पुढे वसतिगृहे निघाली. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांची परंपरा सुरू केली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात मुलांच्या जेवणाची भ्रांत पडली, तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडले, हे सर्वश्रुत आहे. आपल्या नाशकात १९१४ साली स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजाच्या कार्याशी उदोजी मराठा बोर्डिंगचे नाव जोडलेले आहे. या सर्व धुरीणांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की खेड्यातील मुलगा शाळेत टिकावयाचा असेल, तर वर्गाइतकीच भटारखान्याची चिंता वाहिली पाहिजे.

शासनाने ती चिंता स्वीकारली १५ ऑगस्ट १९९५ रोजी. आरंभी आपल्या राज्यात ८० टक्के उपस्थिती असलेल्या विद्यार्थ्यास दरमहा ३ किलो तांदूळ दिला जाई. तो घरी जाई, घरच्या हंडीत मिसळे, आणि ज्याच्या नावाने आला त्याच्या वाट्यास कितीसा येई, हे सांगता येत नसे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की शाळेत शिजवलेले अन्नच द्यावे. आमच्या दृष्टीने खरी योजना त्या दिवशी जन्मली, कारण धान्य आणि अन्न यांतील अंतर आपल्या शास्त्राला फार महत्त्वाचे वाटते. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने त्यास हक्काचे रूप दिले, तर २०२१ मध्ये 'पीएम पोषण' असे नामांतर झाले.

या अन्नाने शिक्षणात काय फरक पडला? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात, पाच वर्षांपर्यंत हे भोजन मिळालेल्या मुलांचे वाचनाचे गुण एका वर्षाहून कमी काळ ते मिळालेल्या मुलांपेक्षा १८ टक्क्यांनी, तर गणिताचे ९ टक्क्यांनी अधिक आढळले. २०२१ मधील दुसरा अभ्यास तर वैद्यांनी मुद्दाम ध्यानात ठेवावा असा आहे. ज्या मुलींना शाळेत हे जेवण मिळाले, त्या पुढे माता झाल्यावर त्यांच्या अपत्यांची वयानुरूप उंची अधिक भरली. ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज ही गर्भाची सामग्री शिकवताना क्षेत्राच्या शुद्धीचा आरंभ आपण विवाहानंतर मानतो. तो इयत्ता पहिलीतल्या ताटापासून मानावा लागेल, असे या निष्कर्षावरून दिसते.

आता या अन्नाचे माप पाहू. पहिली ते पाचवीच्या मुलास ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या मुलास ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने, असा दंडक आहे. त्यासाठी लहान मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल धरलेले असते. धान्य केंद्र सरकार देते. डाळ, भाजी, तेल, मसाला व इंधन यांसाठी १ मे २०२५ पासून दर ताटास ६ रुपये ७८ पैसे आणि मोठ्या मुलांसाठी १० रुपये १७ पैसे असा दर ठरविण्यात आला. आपल्या औषधालयातील एका मात्रेच्या किमतीशी ही रक्कम ताडून पाहावी.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आहारविधीची आठ आयतने सांगितली आहेत. प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. शासकीय दंडक यांपैकी एकाच आयतनाचा, म्हणजे राशीचा, विचार करतो. त्यातही सर्वग्रह राशीचा, म्हणजे एकूण ताटाचा. प्रत्येक द्रव्याचे परस्परप्रमाण, ज्यास परिग्रह म्हटले आहे, ते पाहिले तर ४५० पैकी सुमारे ३५० उष्मांक एकट्या तांदळातून येतात. ताट भरते, पण ते बव्हंशी भाताचे असते. उरलेल्या सात आयतनांकडे लक्ष देण्यास कोणी नेमलेला नाही, आणि नेमके तेच आपले क्षेत्र आहे.

करणाचा, म्हणजे संस्काराचा, विचार खिचडीपासूनच करावा. तांदूळ आणि मूग ही जोडी मुळात उत्तम. शूकधान्यांत रक्तशाली आणि शमीधान्यांत मूग यांना चरकांनी श्रेष्ठ ठरविले आहे. परंतु या दोहोंपासून बनणारी कृशरा भावप्रकाशकारांनी बल्य सांगतानाच गुरू आणि दुर्जर सांगितली आहे, हे आपल्यातील अनेकांच्या ध्यानात नसते. आपण आजाऱ्यास सुचवतो ती मऊ, पातळ, तूप-जिऱ्याची खिचडी निराळी, आणि दोनशे मुलांसाठी मोठ्या पातेल्यात घट्ट शिजलेली, तासाभराने थंड होऊन गोळा बसलेली खिचडी निराळी. दुसऱ्या प्रकारास दुर्जर हेच विशेषण शोभते. कृशरेच्या पाठात आले आणि हिंग आहे, ते उगीच नव्हे. पाच ग्रॅम तेलाच्या फोडणीत जिरे, हिंग, हळद आणि चेचलेले आले पडले, पाणी थोडे अधिक घातले आणि ताट गरम असताना वाढले, तर त्याच पैशात तेच अन्न बालकाच्या अग्नीस पेलते. पोट दुखते म्हणून खिचडी नको म्हणणाऱ्या मुलांच्या बाबतीत तरी या उपायाने पुष्कळ साधेल.

मोड आलेल्या कडधान्यांचा प्रश्न थोडा अवघड आहे. जून २०२४ च्या शासन निर्णयानुसार पाककृतींची संख्या वाढली आणि भात, मोड आलेली कडधान्ये व गोड पदार्थ असे त्रिस्तरीय ताट योजण्यात आले. नव्या पोषणशास्त्राला मोड प्रिय आहेत. त्यांनी लोहाचे शोषण सुधारते आणि क जीवनसत्त्व वाढते. उलट सुश्रुतांनी विरूढ धान्यास विदाही, गुरू आणि विष्टंभी म्हटले आहे. येथे ग्रंथवचन पुढे करून मटकीस विरोध करणारे आमचे काही मित्र आहेत. आम्हांस ते पटत नाही. आपल्या घरोघरच्या गृहिणींनी हा वाद केव्हाच मिटवला आहे. त्या मोड आलेली मटकी कच्ची देत नाहीत. हिंग-जिऱ्याच्या फोडणीत पूर्ण शिजवून उसळ करतात. संस्काराने गुणांतर होते, हे आपलेच सूत्र. कच्चे मोड मुलांच्या हातावर ठेवण्याची पद्धत जेथे असेल, तेथे मात्र वैद्याने अवश्य हरकत घ्यावी.

त्रिस्तरीय ताटाने संयोगाचा एक मुद्दाही पुढे आणला आहे. दुधाबरोबर कुळीथ, मठ किंवा केळे हे संयोग विरुद्धाहारात मोडतात. दुधाची खीर आणि मटकीची उसळ एकाच दुपारी, किंवा खीर आणि केळे एकाच दिवशी आले, तर दिवस बदलून देण्यास एक पैसाही लागत नाही. मुख्याध्यापकांना हे सांगणारा कोणी हवा, एवढेच.

अंड्याविषयीही स्पष्ट लिहिणे आम्ही आवश्यक समजतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एकदा अंडे, आणि जी मुले अंडी खात नाहीत त्यांना केळे, देण्याचे ठरविले. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठीचा आणि गोड पदार्थाच्या साखरेचा राज्याचा निधी थांबला; लोकसहभागातून जमेल त्यांनी करावे, असे सांगण्यात आले. या वादात आयुर्वेदाचे नाव घेऊन अंड्यास विरोध झालेला आम्ही ऐकला. ज्याची श्रद्धा अंडे निषिद्ध मानते, त्याने ते खाऊ नये. तो त्याचा अधिकार. परंतु चरकसंहितेच्या अन्नपानविधी अध्यायात कोंबडीच्या अंड्याचा उल्लेख सद्योबलकर द्रव्यांत आहे, आणि क्षीण पुरुषास ते हितकर सांगितले आहे. तेव्हा शास्त्राच्या नावावर हा विरोध खपवू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के बालकांत पांडुता आढळली. पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालकांची वाढ खुंटलेली होती. ती बालके आता शाळेच्या बाकांवर आहेत. त्यांच्या ताटातील सर्वांत सुलभ प्रथिन काढून घेताना वैद्यांनी साक्षीदार होऊ नये.

यानंतर देश. जिल्ह्याच्या सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरी या पट्ट्यात नागली, वरई आणि खुरासणी ही डोंगरउताराची पिके. तेथील बालकास जे सात्म्य, ते नागलीची भाकरी, उडदाचे वरण आणि खुरासणीची चटणी. शाळेत मात्र त्यास गोदामातून आलेला तांदूळ मिळतो. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर पांढऱ्या तांदळात १० च्या आसपास. अस्थी आणि दंत यांच्या वाढीच्या वयात हा फरक लहान नव्हे. ग्रंथांनी क्षुद्रधान्यांस रूक्ष आणि वातकर म्हटले आहे, आणि तेही खरेच आहे. म्हणून तर आदिवासी गृहिणी नागलीसोबत स्निग्ध खुरासणी आणि बल्य उडीद योजते. ज्यांनी संहिता पाहिली नाही, त्यांनी संयोग बरोबर जुळवला. नागलीचे सत्त्व शालेय ताटात आणताना ही स्निग्धतेची जोड सोडून केवळ साखर घातली, तर अर्धेच काम होईल. आपल्याकडील औषधनिर्मात्यांनी बालकांसाठी नागली-सत्त्वाच्या पुड्या महाग वेष्टनांत विकण्यापेक्षा बचतगटांना सत्त्व काढण्याची, भाजण्याची व साठवणीची शुद्ध रीत शिकवली, तर ते अधिक उपकारक होईल.

याच संदर्भात एक सूचना. २०२१ पासून टप्प्याटप्प्याने शाळांत पोषणमूल्य वाढवलेला, फोर्टिफाइड तांदूळ येऊ लागला. त्यातील काही दाणे पाण्यावर तरंगतात म्हणून ठिकठिकाणी 'प्लास्टिकचा तांदूळ' अशी हाकाटी झाली आणि पालकांनी तो फेकून दिला. हे दाणे तांदळाच्या पिठातच लोह, फॉलिक अॅसिड व ब१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्राने घडविलेले असतात आणि शंभर दाण्यांमागे साधारण एक या प्रमाणात मिसळतात. पालक विचारावयास येतील तेव्हा वैद्यांनी भीती वाढवू नये. सिकलसेल किंवा थॅलेसेमियाच्या बालकाची गोष्ट वेगळी. त्याच्या लोहाविषयी उपचार करणाऱ्या तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

आश्रमशाळांचा प्रश्न स्वतंत्र लेखाचा आहे, कारण तेथे बालकाचे दिवसभराचे सारे अन्न संस्थेच्याच हाती असते. इगतपुरी तालुक्यात मुंढेगाव येथे मध्यवर्ती स्वयंपाकगृह उभे राहिले आणि तेथून आश्रमशाळांना गाड्यांनी जेवण जाऊ लागले. स्वच्छता व प्रमाण यांत अशी व्यवस्था उजवी असते. पण शिजणे आणि वाढणे यांत अंतर पडले की उष्ण अन्नाचा नियम सुटतो, आणि शाळेच्या आवारात अन्न शिजतानाचा जो गंध मुलाचा अग्नी जागा करतो, तोही हरपतो. यंत्र आणि चूल यांत निवड करताना हे जमेस धरले पाहिजे.

उपयोगसंस्था म्हणजे जेवण्याचे नियम. उष्ण, स्निग्ध, मात्रावत्, आधीचे पचल्यावर, फार घाई न करता, फार रेंगाळत न बसता, मन लावून. जपानने १९५४ च्या कायद्याने शालेय भोजनास शिक्षणाचाच भाग मानले. तेथे मुले स्वतः वाढतात, एकत्र जेवतात, नंतर झाडलोट करतात, आणि २००५ पासून पोषण विषयाचे शिक्षक नेमले जातात. आपल्याकडे पंगतीला आणखी एक अर्थ आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वयंपाकी नेमताना अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींस प्राधान्य द्यावे असा आदेश दिला. २ मार्च १९३० रोजी ज्या नगरीत काळाराम मंदिराच्या सत्याग्रहास आरंभ झाला, तेथील वाचकांना या आदेशाचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही. कोणाच्या हातचे अन्न कोणी नाकारल्याचे कानी आले, तर गावातील वैद्याच्या शब्दास वजन असते, ते त्याने वापरावे.

आणि स्वयंपाकीण स्वतः? २०२३ मध्ये तिचे मानधन वाढून दरमहा अडीच हजार झाले. पहाटे घरची चूल, दुपारी शाळेची. तिच्या हातावर दोनशे मुलांचे आरोग्य अवलंबून आहे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यात शालेय भोजनाने २३ बालके दगावली; तेलात कीटकनाशक मिसळले होते. नाशिक हा द्राक्षांचा जिल्हा आहे. फवारणीच्या औषधांचे रिकामे डबे येथे शेतघरांत सर्रास दिसतात आणि धुऊन पुन्हा तेला-पाण्यास वापरले जातात. मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने अन्न चाखावे, हा नियम आहे. पण डबा ओळखणे त्याहून आधीचे. ग्रामीण औषधविक्रेत्यांनी याबाबत गिऱ्हाइकांना दोन शब्द सांगावेत. अगदतंत्राचा एवढा उपयोग तरी व्हावा.

शेवटी काल. जिल्हा परिषदेच्या शाळेत दुपारी दीडच्या सुमारास मधली सुटी होते. मजुरीवर जाणारी आई पहाटे निघालेली, मूल चहा पिऊन शाळेत आलेले. त्याच्या लेखी खिचडी हे दुपारचे जेवण नसून दिवसाचे पहिले अन्न असते, आणि गणिताचा तास त्याआधी होऊन गेलेला असतो. तामिळनाडूने सप्टेंबर २०२२ पासून शाळेत सकाळची न्याहारी सुरू केली, ती यासाठीच. आपल्याकडे योजनेचा भर मध्यान्हावर आहे. तोवर गावातील एखाद्या दात्याने, सहकारी संस्थेने किंवा आमच्यासारख्या संघटनेने सकाळी मूठभर भाजलेले शेंगदाणे व गुळाचा खडा दिला, तरी तो तास वाया जाणार नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून शाळांत वर्षातून एकदा तपासणीस येतात. त्या पथकांतील वैद्यकीय अधिकारी आयुष शाखेचे असतात. त्यांत आपले अनेक सभासद आहेत. उंची, वजन आणि डोळ्यांची फिकट पापणी पाहून झाल्यावर त्यांनी पाकगृहात डोकवावे, खिचडीचे शीत बोटांत दाबून पाहावे, आणि कागदावर नसलेला तो सकाळच्या अन्नाचा प्रश्न मुलांना विचारावा. नाशकातच आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. आंतरवासितांच्या ग्रामीण नेमणुकीत अशा नोंदी ठेवल्या गेल्या, तर दोन-तीन वर्षांत जिल्ह्याचे चित्र हाती येईल.

दिवाळीनंतर सुरगाणा-पेठकडील कुटुंबे दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत कामास उतरतात. त्यांची मुले गावच्या शाळेच्या पटावर राहतात आणि बागेच्या कडेला झोपडीत धाकट्या भावंडांना सांभाळतात. गावी त्यांच्या नावचे ताट रिकामे राहते, येथे त्यांना शाळाच नसते. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची तरतूद आहे. ते असल्यास जवळच्या शाळेत प्रवेश मिळतो आणि प्रवेशाबरोबर जेवणही. पिंपळगाव, ओझर, वणी, निफाड येथील सभासदांकडे ही कुटुंबे खोकल्या-तापासाठी येतात. औषधाची पुडी बांधताना त्यांना कार्डाविषयी विचारावे, आणि नसेल तर जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचे नाव पुडीवरच लिहून द्यावे.